कॉम्प्युटर भयंकर स्लो झाला आहे, व्हायरस आहे की नाही हे नक्की कसं तपासायचं?

अक्षरजुळणी (मंगळवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. नागपूरच्या महाल भागात माझं डीटीपीचं लहानसं दुकान आहे. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, श्रद्धांजलीची कार्डं, झेरॉक्स. कॉम्प्युटर २०१५ च्या सुरुवातीला घेतला, चौथ्या पिढीचा आय-थ्री, आठ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. तेव्हा ओरिजिनल विंडोज ८.१ होतं, पुढच्या वर्षी फुकटात विंडोज टेन झालं.

दोन महिन्यांपासून हा इतका स्लो झाला आहे की रडू येतं. सकाळी बटण दाबून झाडू मारते, पाणी भरते, उदबत्ती लावते, तरी पडद्यावरची चक्री फिरतच असते. पत्रिकेत नवरदेवाचं नाव दुरुस्त करायला घ्यावं तर अक्षर दोन-तीन सेकंदांनी उमटतं, अन् गिऱ्हाईक समोर उभं असतं. आतला पंखा दिवसभर घोंघावतो. यूपीएस पूर्वी पंधरा मिनिटं टिकायचा, आता सहा-सात मिनिटांत मान टाकतो.

विंडोजमधला डिफेंडर हा अँटीव्हायरस चालवला, त्याला काहीच सापडलं नाही. दुकानात येणारा प्रत्येक जण म्हणतो, व्हायरस आहे, फॉरमॅट मारून टाका. मागच्या दिवाळीआधी एकदा मारून झालाच आहे. माझी भीती वेगळी आहे. माझ्याकडे युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट आहेत, त्यांची सीडी आता कुठेच नाही. अकरा वर्षांच्या फाइली त्याच फॉन्टवर बसलेल्या आहेत. फॉन्ट गेले तर फाइल उघडेल, पण मजकुराच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. लग्नसराईचं काम अंगावर आहे. काय करू?

बर्डीचा_पोरगा (मंगळवार, रात्री ९:५२)

ताई, काहून टेन्शन घेऊन राहिल्या? फॉरमॅट मारा, दोन तासाचं काम आहे. बर्डीवर कोणीही करून देईल. फॉन्ट पेनड्राइव्हमध्ये घेऊन ठेवा.

निळी_शाई (मंगळवार, रात्री १०:०५)

डिफेंडरवर विसंबू नका, सोबत अजून एक अँटीव्हायरस टाका. माझ्याकडे दोन आहेत.

तारतंत्री (मंगळवार, रात्री ११:२०)

ताई, आज फॉरमॅट नको. अठरा वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचंच काम करतो आहे म्हणून आग्रहाने सांगतो. नागपुरात कॉम्प्युटर स्लो झाला की तपासायच्या आधीच तो पुसला जातो. मग चार-सहा महिन्यांनी तेच दुखणं परत येतं, कारण ते कशाने होतं हे कोणी पाहिलेलंच नसतं.

निळी_शाई, दोन अँटीव्हायरस एकाच वेळी पहाऱ्यावर ठेवू नका. प्रत्येक फाइल दोघंही तपासतात अन् एकमेकांच्या कामात पाय घालतात. चांगली मशीन त्यानेच बसते.

ताई, आधी फॉन्ट वाचवा. सी ड्राइव्हमध्ये विंडोजचं फोल्डर, त्यात फॉन्ट्स. तुमचे सगळे मराठी फॉन्ट निवडून कॉपी करा, दोन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक ठिकाण या कॉम्प्युटरच्या बाहेरचं असू द्या. पत्रिकांच्या फाइलीही तशाच. ते झाल्याशिवाय पुढे काही करू नका.

मग कंट्रोल, शिफ्ट अन् एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स टॅब. सीपीयू, मेमरी, डिस्क यांपैकी कोण शंभरला टेकलं आहे ते पाहा. डिस्क शंभरवर आहे पण खाली लिहिण्या-वाचण्याचा वेग एक-दोन एमबीच दिसतो, तर डिस्क थकली. काम जोरात चालू असताना सीपीयूचा वेग तीनच्या पुढे असायला हवा तिथे शून्य पूर्णांक आठ गिगाहर्ट्झ दिसतो, तर बहुतेक वेळा चिप तापून स्वतःला आवरते आहे. आपल्याकडे पारा आत्ताच त्रेचाळीसवर गेला आहे, हे विसरू नका. मेमरी भरली तर बहुतेक वेळा ब्राउझरचे टॅब. अन् सीपीयू शंभरवर आहे, तुम्ही मात्र काहीच करत नाही, तेव्हा खरी चौकशी सुरू होते.

अक्षरजुळणी (बुधवार, सकाळी ८:१५)

फॉन्ट अन् फाइली काढल्या. एक प्रत भावाच्या लॅपटॉपवर, एक ऑनलाइन. आता टास्क मॅनेजरचं सांगते, कारण विचित्र आहे. तीन बटणं दाबली, खिडकी उघडली, एक क्षणभर सीपीयू ९८ दिसला अन् मग धाडकन ६ वर. पंखाही चार-पाच सेकंदांत शांत झाला. टास्क मॅनेजर बंद केला, मिनिटभरात पंखा परत घोंघावायला लागला. चार वेळा करून पाहिलं, चारही वेळा तसंच. टास्क मॅनेजर उघडा ठेवला तर मशीन बरी चालते. डिस्क मात्र मधूनमधून शंभरवर जाते.

तारतंत्री (बुधवार, सकाळी ९:०२)

हे फार नीट पाहिलंत. पण लगेच निष्कर्ष काढू नका. मशीन रिकामी बसली की विंडोज स्वतःची साफसफाई काढतं, शोधाची यादी लावतं, डिफेंडर स्कॅन करतो. तुम्ही माउसला हात लावला की ती कामं थांबतात. म्हणजे तिथेही "मी पाहायला गेले की शांत" असंच वाटतं.

दोन्हींत फरक असा करा. टास्क मॅनेजर बंद ठेवा. नोटपॅड उघडून दोन-तीन मिनिटं सलग टाइप करत राहा, काहीही लिहा. विंडोजची आपली कामं असतील तर पंखा ओसरेल. तुम्ही टाइप करत असतानाही तो घोंघावत राहिला आणि फक्त टास्क मॅनेजर उघडल्यावरच गप्प झाला, तर आत कोणीतरी तुमच्या टास्क मॅनेजरवर नजर ठेवून आहे. प्रामाणिक प्रोग्रामला लपायचं कारण नसतं.

अक्षरजुळणी (बुधवार, सकाळी ९:३०)

तीन मिनिटं टाइप केलं. अख्खं पसायदान लिहून झालं. पंखा थांबला नाही. टास्क मॅनेजर उघडला, थांबला.

कामठीचे_सर (बुधवार, सकाळी १०:१०)

ताई, गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह लावता ना तुम्ही? आमच्या शाळेच्या लॅबमध्ये सगळं तिथूनच आलं होतं. पेनड्राइव्ह उघडला की फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसायचे, कोपऱ्यात छोटा बाण असलेले. मुलं त्यावर क्लिक करायची. फोल्डर उघडायचंही, म्हणून कोणाला संशय यायचा नाही, पण आधी व्हायरस चालून जायचा. खरी फोल्डरं लपवलेली असतात, पुसलेली नसतात. व्ह्यूमध्ये जाऊन लपलेल्या फाइली दाखवा म्हणायचं, अन् ऑप्शन्समधली "सिस्टिम फाइली लपवा" ही खूण काढायची, मग ती सापडतात. कित्येक मुलांचे प्रोजेक्ट मी तसेच परत मिळवून दिले. लोक "रिकामा झाला" समजून पेनड्राइव्ह फॉरमॅट करतात, ते पाहून जीव तुटतो.

तारतंत्री (बुधवार, सकाळी १०:४५)

सर, अगदी बरोबर. ताई, पेनड्राइव्हकडे आपण परत येऊ. आधी मला हे सांगा: मागच्या दिवाळीआधी फॉरमॅट मारला तेव्हा विंडोज कुठून टाकलं? अ‍ॅक्टिव्हेटर (लायसन्स न घेता विंडोज चालू करून देणारा प्रोग्राम) चालवला होता का?

अन् एक जागा बघा. विंडोज सिक्युरिटी, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, तिथे खाली एक्सक्लुजन्स. डिफेंडरने कुठे पाहायचं नाही याची ती यादी असते. ती रिकामी हवी.

अक्षरजुळणी (बुधवार, दुपारी १:२०)

यादीत दोन नोंदी आहेत. "सी" अन् "डी". पूर्ण ड्राइव्ह. मी हे कधीच केलेलं नाही, मला ही जागाच ठाऊक नव्हती.

फॉरमॅट ज्यांनी करून दिला त्यांच्या पेनड्राइव्हमध्ये सगळं होतं. विंडोज टेन प्रो टाकलं. मग म्हणाले, अँटीव्हायरस पाच मिनिटं बंद करतो, नाहीतर अ‍ॅक्टिव्हेशन होणार नाही. डिझाइनचं सॉफ्टवेअर माझं विकतचं आहे, डबा अन् सीडी दोन्ही जपून ठेवलं आहे, ते मी स्वतः टाकलं.

तारतंत्री (बुधवार, दुपारी २:०५)

म्हणून डिफेंडरला काही सापडत नव्हतं. घराच्या दोन्ही खोल्यांना कुलूप लावून चौकीदाराला अंगणात फिरवलं, तर तो "कोणी नाही" असंच सांगणार. स्कॅन स्वच्छ आला एवढ्यावर कधीच थांबू नका, स्कॅन कुठे फिरला ते आधी बघा. त्या दोन्ही नोंदी काढा. परत लगेच आल्या तर तेही सांगा.

आता त्याला रंगेहाथ पकडू. प्रोसेस एक्सप्लोरर नावाचं साधन आहे, मायक्रोसॉफ्टच्याच साइटवर सिसइंटर्नल्स विभागात फुकट मिळतं. मार्क रसिनोविच यांनी लिहिलेलं, २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यांची कंपनीच घेतली. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवा अन् आणायच्या आधी त्या फाइलचं नाव बदला, "पत्रिका" करा, काहीही करा. असे लपणारे प्रोग्राम टास्क मॅनेजरसारखी साधनं नावावरून ओळखतात. मग सीपीयूच्या रकान्यावर क्लिक करा, सगळ्यात वर कोण येतो ते बघा. त्याच्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये फाइल कुठल्या फोल्डरात आहे ते वाचा. ऑप्शन्समध्ये व्हायरसटोटलची तपासणीही चालू करता येते. फाइलचा ठसा साठ-सत्तर अँटीव्हायरसांपुढे ठेवला जातो अन् किती जणांनी बोट दाखवलं तो आकडा समोर येतो. एक-दोघांनी दाखवलं तर घाबरू नका, चुकूनही होतं. तीस-चाळीस जण बोट दाखवत असतील तर शंका ठेवायची नाही.

अक्षरजुळणी (बुधवार, रात्री ८:५०)

सापडला. हात थरथरत होते.

नाव विंडोजच्या नेहमीच्या "एसव्हीसीहोस्ट"सारखंच. यादीत त्या नावाचे पंचवीस-तीस आहेत, पण बाकी सगळे विंडोजच्या सिस्टिम ३२ फोल्डरात. हा एकटा प्रोग्रामडेटामध्ये, एका आकडे-अक्षरांच्या विचित्र नावाच्या फोल्डरात. सीपीयू ९१, मेमरी २.३ जीबी. व्हायरसटोटलच्या रकान्यात लाल आकडा, ५० च्या वर. बहुतेकांनी "कॉइन मायनर" म्हटलं आहे. एक्सक्लुजनच्या नोंदी काढल्या होत्या, मशीन रिस्टार्ट केल्यावर परत आल्या.

तारतंत्री (बुधवार, रात्री ९:४०)

म्हणजे तुमच्या दुकानातल्या मशीनवर, तुमच्या विजेवर, कोणीतरी दुसरा दोन महिने पैसे कमावत होता. हे मायनर बहुधा मोनेरो नावाचं आभासी चलन काढतात. बिटकॉइनला खास यंत्रं लागतात. मोनेरोने ३० नोव्हेंबर २०१९ ला जी गणिताची पद्धत घेतली ती मुद्दाम साध्या सीपीयूवर चालावी अशी आहे. म्हणून चोराला तुमचा आय-थ्रीही चालतो. त्या पद्धतीला दोन जीबीच्या थोडी वर मेमरी लागते, तुमचा २.३ चा आकडा त्याच्याशी जुळतो. यूपीएस लवकर मान टाकायचा तेही यातूनच, बॅटरी जुनी असेल ते वेगळं.

परत येतो आहे म्हणजे कुठेतरी पेरलेला आहे. टास्क शेड्युलर (ठरल्या वेळी आपोआप प्रोग्राम चालवणारं विंडोजचं साधन) उघडून पाहा, अपडेटसारख्या साळसूद नावाची एखादी नोंद त्याच फोल्डरातली फाइल चालवत असेल.

बर्डीचा_पोरगा (बुधवार, रात्री ९:५५)

हो ना राजेहो, म्हणजे फॉरमॅटच करावा लागून राहिला. मी तेच तर म्हणलो होतो.

तारतंत्री (बुधवार, रात्री १०:२५)

भाऊ, फॉरमॅट होणारच. पण त्याच पेनड्राइव्हने केला असता तर हा परत आला असता. याआधीचा फॉरमॅट हाच तर रोग घेऊन आला. अ‍ॅक्टिव्हेटरसाठी अँटीव्हायरस बंद करायला लावतात, त्या पाच मिनिटांत काय काय आत येतं ते कोणालाच माहीत नसतं, टाकणाऱ्यालाही नाही. तो माणूस वाईट असेलच असं मी म्हणत नाही. त्यानेही ते कुठूनतरी उतरवलेलं असतं, अन् दिवसाला पाच मशीनमध्ये टाकत फिरतो.

नुसता मायनर काढून मशीन वापरता येईल, अशी साफसफाई मी केलेलीही आहे. पण जो दार उघडून आत आला त्याने सोबत आणखी कोणाला आणलं हे सांगता येत नाही. दुकानाची मशीन आहे, तिच्यावर लोकांचे आधार कार्डाचे फोटो, बँकेचे फॉर्म येतात. इथे मी साफसफाईवर भरवसा ठेवणार नाही.

अन् ताई, एक गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. तुम्हाला अ‍ॅक्टिव्हेटर लागतच नव्हता. ८.१ वरून टेन झालं तेव्हाच मायक्रोसॉफ्टकडे तुमच्या मशीनच्या नावाने डिजिटल लायसन्स नोंदलं गेलं. जी आवृत्ती होती तीच, बहुतेक होम, परत टाकली अन् इंटरनेट जोडलं की ती आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते. प्रो टाकली म्हणून अडलं.

धंतोलीची_लेखनिक (बुधवार, रात्री ११:१०)

मध्ये बोलते, कारण हे मी भोगलं आहे. मी सीएच्या ऑफिसात काम करते. आमच्याकडे अशाच एका फुकटच्या सॉफ्टवेअरसोबत पासवर्ड चोरणारा प्रोग्राम आला होता. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले सगळे पासवर्ड गेले. पासवर्ड बदलले तरी ईमेलमध्ये कोणीतरी येतच होतं, कारण लॉगिन झालेलं सेशनच उचललं होतं, त्याला ओटीपी लागत नाही. म्हणून ताई, पासवर्ड त्या कॉम्प्युटरवरून बदलू नका. फोनवरून बदला अन् प्रत्येक ठिकाणी "सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट" करा. आधी ईमेल, कारण बाकी सगळ्याच्या किल्ल्या तिथेच येतात. मग बँक. खात्यातून पैसे गेलेले दिसले तर एक मिनिट न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

अक्षरजुळणी (गुरुवार, सकाळी ७:५०)

रात्री दोन वाजेपर्यंत बसून सगळे पासवर्ड बदलले. बँकेत काही गडबड नाही. ईमेलच्या यादीत ओळखीचीच उपकरणं दिसली. धन्यवाद ताई, हे मला सुचलंच नसतं.

तारतंत्री (गुरुवार, सकाळी ९:१५)

छान. आता डिस्कचं बघू, ती विसरलो नाही मी. डिस्कची तब्येत सांगणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम चालवून काय रंग दिसतो ते कळवा. अन् कॅबिनेटची बाजूची पत्रा-झडप उघडून पंख्याचा फोटो टाका. दुकानात कूलर आहे का?

अक्षरजुळणी (गुरुवार, दुपारी १२:४०)

डिस्क पिवळी, "कॉशन". रिअ‍ॅलोकेटेड सेक्टरचा आकडा शून्य नाही, पेंडिंगचाही नाही.

कूलर आहे, मशीनच्या मागेच. कॅबिनेट उघडलं तर प्रोसेसरवरच्या पंख्याखाली पात्यांच्या मधल्या फटी दिसतच नाहीत. कूलरच्या दमट हवेने धूळ थापली जाऊन राखाडी नमद्यासारखी झाली आहे. चिमट्याने ओढली तर अख्खी चादर निघाली, जाड, तिच्यात खसाची एक काडीही होती.

तारतंत्री (गुरुवार, दुपारी १:३०)

मग तिन्ही दुखणी एकदम होती. मायनर सीपीयू पेटवत होता, धुळीमुळे उष्णता बाहेर पडत नव्हती अन् डिस्कचे काही भाग (सेक्टर) खराब होऊन ती शेवटाला आली होती. म्हणूनच मी "व्हायरस आहे की नाही" या एका प्रश्नावर थांबू नका म्हणत होतो. मायनर काढूनही मशीन अर्धी स्लोच राहिली असती अन् तुम्ही म्हणाल्या असत्या, व्हायरस अजून आहे.

ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, फिरू देऊ नका. हीटसिंक (पंख्याखालचा पात्यांचा धातूचा ठोकळा) काढून प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट नवी लावा, जुनी आता चुन्यासारखी कोरडी झाली असेल. कूलरची धार मशीनवर येणार नाही अशी जागा बदला. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी नवीन एसएसडी (चिपवाली वेगवान डिस्क) घ्या, विंडोज तिच्यावर टाका. विंडोजची फाइल मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या साइटवरून, भावाच्या लॅपटॉपवर उतरवा. फाइली परत आणताना फॉन्ट, पत्रिका, पीडीएफ, फोटो एवढंच. ज्यावर क्लिक केलं की प्रोग्राम सुरू होतो असं काहीही आणू नका, अन् बाणवाले शॉर्टकट तर मुळीच नको.

एक मर्यादा मात्र सांगून ठेवतो. विंडोज टेनचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती मशीनसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी सेटिंग्जमध्ये दिसली, तर ती करून घ्या. विंडोज अकरा चौथ्या पिढीवर अधिकृतपणे चालत नाही, आठवी पिढी लागते. म्हणून बँकेचं काम यापुढे फोनवरूनच करा, ही मशीन डिझाइनला ठेवा.

कामठीचे_सर (गुरुवार, दुपारी ४:००)

पेनड्राइव्हसाठी आम्ही एक जुनी मशीन वेगळी ठेवली आहे, लिनक्स टाकलेली, इंटरनेट नाही. मुलांचे पेनड्राइव्ह आधी तिथे उघडतो, हवी ती फाइल काढतो. विंडोजचे हे व्हायरस तिथे चालत नाहीत. ज्यांना जमत नसेल त्यांनी सी-डॅक या सरकारी संस्थेचं यूएसबी प्रतिरोध हे पेनड्राइव्हवर पहारा ठेवणारं सॉफ्टवेअर पाहावं, सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर फुकट आहे. हे केंद्र फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झालं, पण बऱ्याच दुकानदारांना ठाऊकच नसतं.

अक्षरजुळणी (रविवार, संध्याकाळी ६:३०)

सगळ्यांना सांगायचं राहू नये म्हणून लिहिते. शनिवारी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं. भाऊ अन् मी बसलो. होम आवृत्ती टाकली, इंटरनेट जोडलं अन् सेटिंग्जमध्ये आपोआप ओळ आली, विंडोज डिजिटल लायसन्सने अ‍ॅक्टिव्हेटेड आहे. किती तरी वेळ मी त्या ओळीकडे बघत होते. अकरा वर्षांपूर्वी भरलेले पैसे होते ते.

फॉन्ट टाकले. २०१६ ची एक पत्रिका उघडली, "श्री गणेशाय नमः" जसंच्या तसं. बटण दाबल्यापासून मशीन पंचवीस सेकंदांत तयार. काम करताना सीपीयूचं तापमान आधी ९४ दाखवत होतं, आता ६१ च्या आसपास, दुपारीसुद्धा. एक्सक्लुजनची यादी रोज सकाळी बघते, रिकामीच आहे. यूपीएस बारा मिनिटं टिकला.

गिऱ्हाइकांना फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा म्हणते, पेनड्राइव्हच असेल तर भावाचा जुना लॅपटॉप लिनक्स टाकून काउंटरवर ठेवला आहे. एकच विचारायचं होतं, जुन्या हार्ड डिस्कचं काय करू? भंगारवाला मागतो आहे.

तारतंत्री (रविवार, संध्याकाळी ७:१०)

भंगारात देऊ नका, त्यात लोकांची कागदपत्रं आहेत. दोन-तीन महिने कपाटात राहू द्या, एखादी फाइल राहिली असेल तर त्या लिनक्सवर जोडून काढता येईल. मग मी पूर्ण पुसून देईन, धंतोलीत येणं झालं की घेऊन या. तोवर वर चिठ्ठी लावून ठेवा, घरातलं कोणी चुकून विंडोजला जोडायला नको.

अक्षरजुळणी (रविवार, संध्याकाळी ७:२५)

लावली. जुन्याच फॉन्टमध्ये, ७२ पॉइंटात: "जोडू नये".